मदत हवी आहे: जांभ्यातल्या झऱ्याला शोषखड्ड्याचं पाणी मिळतंय का, कसं ओळखावं?

रत्नागिरी जिल्ह्यातला झरा. वर सडा (जांभ्याचं उघडं पठार), मध्ये जांभा, खाली शेडी (पाणी सहज न झिरपू देणारा चिकणमातीचा थर). शेडीवर अडलेलं पाणी उतारावर फुटतं. बादली-घड्याळाने मोजलेला प्रवाह आत्ता, ऑक्टोबरात, मिनिटाला 12 लिटर. पीएच 5.9, ईसी (विद्युतवाहकता, पाण्यात क्षार वाढले की वाढते) 60 मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. पावसाळा सुरू झाल्यापासून हायड्रोजन सल्फाइडची बाटली (विष्ठेतल्या जिवाणूंची तपासणी; दूषित पाण्याने काळी पडते) 24 तासांच्या आत काळी पडते. उन्हाळ्यात पडत नव्हती.

चढावर सुमारे 70 मीटरवर तीन घरांचे शोषखड्डे आहेत. शिवाय सड्यावर गुरं चरतात, त्यामुळे नुसत्या जिवाणू तपासणीवरून खड्ड्यांवर ठपका ठेवता येत नाही. मैलापाण्यातून येऊ शकणारं नायट्रेट 8 मिग्रॅ/लि, म्हणजे 45 च्या मर्यादेत. पण पावसाच्या पाण्याने ते पातळ होत असणार, म्हणून त्यावर भिस्त नाही. झऱ्याची टाकी साफ केली, झाकण बसवलं, वरच्या बाजूने चर काढला. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो तेवढ्यापुरता फरक पडतो.

आता खड्ड्यात 10 किलो मीठ विरघळवून सोडायचं आणि झऱ्यावर ईसी पाहायची असा विचार आहे. दिवसाचा प्रवाह साधारण 17 हजार लिटर. पाच टक्के मीठ एका दिवसात उतरलं तरी ईसी जवळपास दुप्पट दिसावी. उतरायला आठवडा लागला तर मात्र वाढ पावसाच्या चढउतारात हरवेल. लोक हेच पाणी पितात, त्यामुळे माग काढायला रंग सोडायला नको. आपोआप नोंदी घेणारा लॉगर नाही, हातातला मीटर आहे.

जांभ्यात हा प्रयोग कुणी केला आहे का? मीठ किती घेतलं, आणि नोंदी किती तासांच्या अंतराने, किती दिवस घ्याव्यात?