मदत हवी आहे: आपत्कालीन वायरलेस सेट ईएमपीपासून वाचवायचे तर पैसे नक्की कशावर घालावेत?

कातळावरचा

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही काही जण मिळून वायरलेस केंद्र चालवतो. केंद्र म्हणजे शाळेची एक जादा खोली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि वीज, मोबाईल, रस्ता सगळं एका दुपारी गेलं. मुंबईतल्या चाकरमान्यांना घरची खुशाली कळेना. त्यानंतर गावातल्या दोघांनी रीतसर परीक्षा देऊन हॅमचा (हौशी वायरलेसचा) परवाना काढला आणि सामान जमत गेलं.

सामान असं: शंभर वॉटचा एचएफ (लांब पल्ल्याचा) सेट, त्याला ७ मेगाहर्ट्झची वीसेक मीटर तारेची इन्व्हर्टेड व्ही अँटेना. व्हीएचएफचा (जवळच्या पल्ल्याचा) बेस सेट, गच्चीवर ग्राउंड प्लेन अँटेना. काही हँडी, म्हणजे हातात धरायचे छोटे सेट. १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छपरावर सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर.

आता मुंबईकर मंडळ पैसे द्यायला तयार आहे, पण अध्यक्षांनी ईएमपीचे, म्हणजे अणुस्फोटासारख्या घटनेतून येणाऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक सामान जाळू शकणाऱ्या विद्युतचुंबकीय धक्क्याचे, व्हिडिओ बघितलेत. त्यांची अट एकच, "आधी ईएमपीचा बंदोबस्त करा, मग पुढचं बोला." एका दुकानदाराने कोटेशन दिलंय: चंदेरी 'ईएमपी प्रूफ' पिशव्या आणि मेन स्विचला लावायची एक सीलबंद पेटी. त्या रकमेत दोन नवे बेस सेट येतील!

माझे प्रश्न: हे घ्यावं का? पत्र्याच्या डब्यात सेट ठेवला तर चालतं असं ऐकलंय, ते कितपत खरं? डब्याला अर्थिंग लागतं का? आणि सौर वादळाने हँडी जळतात का? अध्यक्ष साहेबांचा तो लाडका मुद्दा आहे.

तारायंत्र

पिशव्यांचं कोटेशन बाजूला ठेवा. आधी धोका कुठून येतो ते बघू.

खूप उंचावर अणुस्फोट झाला तर धक्का तीन टप्प्यांत येतो. ई-१ काही नॅनोसेकंदांत चढतो. त्यासाठी डिझाइन करताना मीटरला ५०,००० व्होल्ट एवढं क्षेत्र धरतात. ई-२ साधारण विजेसारखा. ई-३ संथ, सेकंद-मिनिटं चालणारा, आणि तो पकडायला शेकडो किलोमीटरच्या वाहिन्या लागतात. तुमच्या हँडीला ई-३ चं काही सोयरसुतक नाही.

प्रत्यक्ष उदाहरण ९ जुलै १९६२ चं. अमेरिकेने जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनाचा स्फोट केला, 'स्टारफिश प्राइम'. साधारण १,४०० किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे ३०० च्या आसपास दिवे गेले, चोरघंटा वाजल्या. आख्खं शहर काळोखात वगैरे गेलं नाही, बाकीचे दिवे चालूच होते. हे अध्यक्षांना मुद्दाम सांगा. अर्थात तेव्हाची उपकरणं बरीचशी व्हॉल्व्हची होती, आजच्या चिपा जास्त नाजूक, हेही खरं.

मर्म असं की, जेवढी लांब तार तेवढा मोठा धक्का. कपाटात पडलेल्या, अँटेना काढलेल्या हँडीला फारसं काही होत नाही. वीस मीटरची तार ज्याच्या पाठीत खोचली आहे तो एचएफ सेट पहिला जातो. पिशवी त्याला काय करणार? वापरात असलेला सेट पिशवीत ठेवता येत नाही.

खडूस_वायरमन

त्या सीलबंद पेटीवाल्याला तीनच गोष्टी विचारा. आत काय आहे? क्लॅम्पिंग व्होल्टेज, म्हणजे किती व्होल्टवर धक्का अडवते ते, किती? किती किलोअँपिअर सोसते? उत्तर "मिलिटरी टेक्नॉलॉजी" असं आलं तर चहा पिऊन निघा.

असल्या पेट्यांत बहुतेक वेळा एमओव्ही (व्होल्टेज फार चढलं की ते दाबून धरणारे भाग) असतात. एमओव्ही वाईट नाहीत, बोर्डावर टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर म्हणून तेच लावतात. पण तो इलेक्ट्रिकच्या दुकानात सरळ मिळतो, रेटिंग छापलेलं असतं आणि खराब झाला की त्यावरची छोटी खिडकी लाल होते. सीलबंद पेटीत तो मेला तरी तुम्हाला कळणार नाही.

कातळावरचा

तारायंत्र काका, खडूस दादा, आभार. म्हणजे स्पेअर सेट डब्यात आणि चालू सेटला वेगळा बंदोबस्त, असं समजू ना? डब्याचं सांगा. आमच्याकडे पाच लिटरचे तेलाचे पत्र्याचे डबे आहेत आणि बिस्किटांचे मोठे चौकोनी डबेही.

तारायंत्र

बिस्किटांचा घ्या, झाकण पूर्ण निघणारा. पण त्याचा कच्चा दुवा झाकणाची फट असते. पत्रा कितीही जाड असो, लांब अरुंद फट राहिली की ती फटच अँटेनासारखी वागते. किती रुंद यापेक्षा किती लांब याला महत्त्व. त्यात डब्याच्या काठावर आतून-बाहेरून लाख मारलेली असते, म्हणजे झाकण दिसायला घट्ट, पण धातूला धातू लागलेलाच नाही.

म्हणून काठ आणि झाकणाची आतली कड पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा काढा. सेट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मग डब्यात ठेवा, सेटचं कुठलंही टोक पत्र्याला लागता कामा नये. झाकण लावल्यावर सांध्यावरून सगळीकडे ॲल्युमिनियमचा टेप फिरवा. ज्याचा गोंद वीज वाहून नेतो तो मिळाला तर उत्तम. साधा एसीवाल्यांचा टेप असेल तर नखाने नीट दाबून बसवा.

अर्थिंग लागत नाही. बंद डब्यात आतल्या वस्तूला बाहेरच्या क्षेत्राचा पत्ताच नसतो, डबा जमिनीला जोडा नाहीतर सुतळीने टांगा. उलट अर्थिंगच्या नावाखाली एखादी वायर भोक पाडून आत नेलीत की डबा संपला. चार्जरची वायर आत सोडायची हौस बऱ्याच जणांना असते.

तपासायला बॅटरीवरचा छोटा एफएम रेडिओ जवळच्या स्टेशनला लावून मोठ्या आवाजात आत ठेवा. टेपासकट झाकण बसल्यावर खरखर ऐकू आली पाहिजे, गाणं नाही. मिडियम वेव्हही बंद झाली तर डबा फारच चांगला जमलाय.

पुणेरी_सिग्नल

मी स्टीलच्या डब्यात मोबाईल ठेवून रिंग दिली तर खणखणीत वाजला. म्हणजे डबे बाद?

तारायंत्र

बाद नाही. मोबाईलच्या लहरी दीड-दोन वीत किंवा त्याहून लहान असतात, झाकणाच्या फटीतून सहज शिरतात. शिवाय फोनचा रिसीव्हर इतका हावरट असतो की लाखांश सिग्नलवरही वाजतो. ई-१ ची बरीचशी ताकद शंभर मेगाहर्ट्झच्या खाली असते, म्हणून एफएमची चाचणी जास्त बोलकी. मात्र फोन वाजतोय म्हणजे फट आहे एवढं नक्की, तेवढी बुजवा.

आणि तो मायक्रोवेव्ह ओव्हनचा सल्ला सोडा. त्याचं दार २.४५ गिगाहर्ट्झसाठी बनवलेलं असतं, बाकी फ्रिक्वेन्सींची हमी त्याने कोणाला दिलेली नाही.

खडूस_वायरमन

कातळावरचे, तुमच्या खोलीत अँटेनाची केबल आत कुठून येते आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? खरा प्रश्न तिथे आहे. अणुबॉम्ब पडेल न पडेल, मे महिन्यात आणि परतीच्या पावसात तुमच्या डोक्यावर वीज कडाडणारच.

कातळावरचा

केबल मागच्या खिडकीतून येते. शाळेच्या मीटरचं अर्थिंग पुढच्या बाजूला आहे. अँटेनाच्या मास्टसाठी आम्ही मागे वेगळी सळई ठोकली आहे, म्हणजे ठोकायचा प्रयत्न केलाय. दोन्ही एकमेकांना जोडलेले नाहीत, मुद्दाम वेगळे ठेवलेत. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वेगळं अर्थिंग म्हणजे जास्त सेफ."

खडूस_वायरमन

हेच ते! दोन अर्थिंग वेगळी ठेवलीत तर वीज जवळपास पडली की मागची सळई पुढच्यापेक्षा हजारो व्होल्टनी वर जाते. त्या दोघांना जोडणारा एकच रस्ता उरतो: केबल, मग सेट, मग पॉवर सप्लाय, मग मीटर. तुमचा शंभर वॉटचा सेट म्हणजे दोन खड्ड्यांमधला साकव होऊन बसलाय.

दोन्ही अर्थ जाड पट्टीने, इमारतीच्या बाहेरून, एकमेकांना जोडा. केबल आत येते त्या खिडकीपाशीच तांब्याची एक पट्टी बसवा. केबलचा अरेस्टर (विजेचा धक्का अर्थिंगकडे वळवणारा), सेटची बॉडी, पॉवर सप्लाय, सोलरच्या फ्रेमची वायर, सगळं त्याच पट्टीवर. वेटोळी करायची नाहीत, वायर आखूड आणि सरळ. हजार अँपिअर एका मायक्रोसेकंदात चढले तर मीटरभर तारेवरच सुमारे हजार व्होल्ट उभे राहतात, तार कितीही जाड असली तरी. म्हणून "दहा मीटर लांब पण एकदम हेवी वायर टाकलीय" याचा उपयोग नाही. पट्टी बरी, ती रुंद असते.

अरेस्टरमध्ये गॅस ट्यूब कितीची आहे बघा. शंभर वॉटला ५० ओहमवर शिखर व्होल्टेज शंभर येतं, म्हणजे ९० व्होल्टची ट्यूब तुमच्याच बोलण्याने पेटेल. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाचा सेटशी मेळ, बिघडला तर व्होल्टेज आणखी चढतं. २३० किंवा ३५० ची घ्या. ट्यूब पेटायला वेळ घेते, ई-१ चं तोंड तोवर आत शिरलेलं असतं, त्यामुळे अरेस्टर लावला म्हणजे ईएमपीचा बंदोबस्त झाला असं नाही. विजेसाठी मात्र तो हवाच.

चंद्रकोर_सोलर

सोलरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पॅनल स्वतः बऱ्यापैकी दणकट असतं. मरतो तो चार्ज कंट्रोलर, कारण छपरापासून येणारी लांब वायर थेट त्याच्या मॉसफेटवर (आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) येऊन आदळते. प्लस-मायनस वायर एकमेकींना पीळ घालून आणा. दोन्ही बाजूंनी अंतर ठेवून गच्चीवरून फिरवलेल्या वायरी म्हणजे भलामोठा लूप. कंट्रोलरच्या तोंडाशी डीसीचा सर्ज प्रोटेक्टर बसवा, एसीचा नको. आणि पैसे उरले तर साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर एक जादा घेऊन तोही त्याच डब्यात टाका. सेट वाचला आणि चार्जिंग गेलं तर दोन दिवसांत सगळेच मुके.

कातळावरचा

ताई, हे डोक्यातच नव्हतं, लिहून घेतलं. खडूस दादा, पट्टी जोडतो. पण अडचण जांभ्याची आहे. सळई दोन-अडीच फुटांवर अडते. एप्रिलमध्ये अर्थिंग मोजलं तर आकडा सांगायची लाज वाटते.

कोळथरकर_आबा

आमच्याकडे कातळच कातळ, त्यामुळे अनुभव आहे. उभी सळई विसरा. आडवं जा. जिथे दीड-दोन फूट माती आहे तिथून चर खणून जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी लांबवर टाका, दोन-तीन दिशांना. वर बेंटोनाइट (ओल धरणारी माती) किंवा निदान विहिरीचा गाळ. कोळसा-मिठाचा खड्डा करतात, पण कोकणातल्या पावसात मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाता जाता पट्टीही खातं. सांडपाणी झाडांना जातं त्या बाजूला चर नेला तर उन्हाळ्यातही ओल राहते.

आकडा खाली आला नाही तरी घाबरू नको. खडूस म्हणतोय ते सगळं एका पट्टीवर बांधणं जास्त महत्त्वाचं. सगळं एकदम वर गेलं आणि एकदम खाली आलं तर सेटला कळतही नाही.

तारायंत्र

आबांशी पूर्ण सहमत.

सौर वादळाचं राहिलं. १ आणि २ सप्टेंबर १८५९ चं कॅरिंग्टन वादळ आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलं गेलं, आडवं चुंबकीय क्षेत्र १,६०० नॅनोटेस्लाच्या आसपास घसरलं होतं. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तीच वेधशाळा १९०४ साली अलिबागला आली, तुमच्यापासून फार लांब नाही. १८५९ च्या त्या वादळात जगभर तारायंत्रांचे घोळ झाले, कारण तारा मैलोन्‌मैल लांब होत्या. १३ मार्च १९८९ ला क्यूबेकची वीज दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, तेही लांब वाहिन्यांमुळे. खिशातली हँडी यात जळत नाही.

सौर वादळ तुमचं नुकसान वेगळ्या तऱ्हेने करतं. सूर्यावर मोठी ज्वाला उठली की दिवसाच्या बाजूला एचएफ मिनिटांपासून तासांपर्यंत बसतं. सेट ठणठणीत, अँटेना ठणठणीत, पण ऐकू काहीच येत नाही. त्याला डबा, पिशवी, पेटी कशाचाच इलाज नाही. तेव्हा व्हीएचएफवर जवळच्या गावाला धरा, त्याने पुढच्याला. अध्यक्षांना पैसे घालायचेच असतील तर डोंगरावर एखादा व्हीएचएफ रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा सेट) सुचवा, परवानगी वगैरे रीतसर घेऊन.

कातळावरचा

मंडळींनो, मुंबईकरांच्या सभेत असं मांडतोय: पिशव्या आणि पेटी रद्द. अर्थिंगचा चर, पट्टी, दोन अरेस्टर, बोर्डावर टाइप-२, सोलरला डीसी प्रोटेक्टर, आणि डब्यात एक जादा व्हीएचएफ सेट, दोन हँडी, कंट्रोलर. एवढं करूनही कोटेशनच्या निम्म्यात बसतंय.

एक शंका राहिली. वापरात नसताना केबल काढून ठेवायची तर सेटजवळून काढू की खिडकीजवळून? आणि ऐन वादळात काढायची कोणी?

खडूस_वायरमन

खिडकीजवळून, बाहेरच्या बाजूने, आणि काढलेलं टोक पट्टीला जोडलेल्या सॉकेटात लावून ठेवा. टेबलावर मोकळं टोक पडलं असेल तर ठिणगी तिथून उडते. एचएफची केबल रोज काम झालं की काढायची, वीज दिसल्यावर नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, आसपास कुठे वीज पडतेय ते दिसतं. कडकडाट डोक्यावर आल्यावर केबलला हात लावायचा नाही, सेट गेला तर गेला.

चंद्रकोर_सोलर

आणि डबा बंद करायच्या आधी हँडीच्या बॅटऱ्या सेटमधून काढा, साधारण अर्ध्या चार्जवर ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. किनाऱ्यावरची हवा आहे, वर्षभर न उघडलेल्या डब्यात कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. दर दिवाळी आणि होळीला टेप फाडून सगळं चालू करून बघायचं, नवा टेप लावायचा. टेपचं रीळ डब्याबाहेर ठेवा, आत नाही.