वेट बेल्टमुळे कंबर धरते, कुणी भाल्याने मासे मारणारं आहे का इथे?

कोथरूडचा_बोंबील:
नमस्कार मंडळी. मी कोथरूडचा, नोकरी हिंजवडीला, पण मधे अडीच वर्षं कंपनीने ऑकलंडला पाठवलं होतं आणि तिकडे स्पिअरफिशिंगचं वेड लागलं. म्हणजे हवेची टाकी बिकी काही नाही, एका दमात खाली जायचं, रबर ताणून भाला सोडणारी गन, घरच्यापुरता मासा घ्यायचा आणि वर. आता दर जानेवारीत पंधरा दिवस मित्राकडे जातो, फक्त यासाठी. तिथलं पाणी आपल्या टँकसारखं कोमट नसतं त्यामुळे अंग गरम ठेवणारा ५ मिमी जाडीचा रबरी वेटसूट घालावा लागतो, तो सूट माणसाला बुचासारखा तरंगवतो म्हणून मग कमरेला शिसं. माझं वजन ७८, शिसं ९ किलो, साधा नायलॉनचा पट्टा. दोन तास झाले की पट्ट्याच्या बरोबर वर कळ यायला लागते, दुसऱ्या दिवशी वाकून बूट घालता येत नाहीत. इकडे आल्यावर आठवड्याभरात जातं पण हिंजवडी फेज थ्रीहून बाइकवर येताना एखादा स्पीडब्रेकर लागला की परत आठवण करून देतं. आई म्हणते उसण भरलीये, पायाळू माणसाकडून लाथ मारून घे. त्यापेक्षा जरा शास्त्रीय उपाय असेल तर सांगा, जानेवारीला दोनच महिने राहिलेत.

आळशी_मावळा:
मी पायाळू आहे. लाथ फुकट, जायचा यायचा खर्च तुझा.

तारकर्ली_रिटर्न:
मी स्कूबावाला, म्हणजे टाकी लावून बुडी मारणारा, भाला कधी धरला नाही, पण ७८ किलोला ९ किलो शिसं मला तरी जास्त वाटतंय. आम्ही वेट चेक करतो, पूर्ण गियर घालून पाण्यात उभं राहायचं, तरंगवणाऱ्या जॅकेटमधली हवा काढायची, नॉर्मल श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांपर्यंत आलं पाहिजे, आणि टाकी शेवटी रिकामी होत हलकी होते म्हणून २ किलो वाढवायचे. तू पण तसंच करून बघ. आणि एक, उत्साहाच्या भरात ती गन घेऊन मालवणला जाऊ नकोस बाबा, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे.

खोल_श्वास:
तारकर्लीवाले भाऊ, तुमचं बरोबर आहे पण ते टाकीवाल्यांसाठी, याला तो हिशोब लावू नका. याच्याकडे टाकीच नाही तर ती हलकी कशी होणार. दम धरून जाणाऱ्याचा हिशोब असा, की साधारण १० मीटरवर तरंगणंही नाही आणि बुडणंही नाही अशी अवस्था यायला हवी आणि पृष्ठभागावर श्वास सोडला तरी डोकं वर राहायला हवं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, फुफ्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते, सूटही चेपतो, म्हणजे वर ज्या ९ किलोने तू जेमतेम बुडतोस तेच ९ किलो खाली तुला दगडासारखं ओढणार. मग वर येताना पाय जोरजोरात मारायचे, पाठीची कमान करायची, आणि कंबर तिथेच जाते. कंबर सोड, यात जीव जातो. दम संपून शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर पोचल्यावर, आणि तेव्हा जड माणूस परत खाली जातो. एकटा जात नाहीस ना? एक खाली, एक वर बघत, याला पर्याय नाही.

दुसरं म्हणजे नायलॉनचा पट्टा फेकून दे. खाली गेल्यावर पोट आत जातं, सूट चेपतो, पट्टा सैल पडतो, डोकं खाली करून डुबी मारली की तो सरकून बरगड्यांवर येतो. रबरी पट्टा घे, ताणून बांधला की तो शरीराबरोबर आक्रसतो. बसायला हवा करदोट्याच्या जागी, म्हणजे कमरेच्या हाडावर. आणि बकल एका हाताने एका झटक्यात सुटलंच पाहिजे.

फिजिओ_आहे_मी:
आधी मला सांग, पुढे वाकल्यावर दुखतं का मागे? दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि इथे लोक सरसकट भुजंगासन सांगून मोकळे होतात.

कोथरूडचा_बोंबील:
पाण्यातून आल्या आल्या मागे वाकलं की जास्त. दुसऱ्या दिवशी मात्र पुढे. आणि खोल_श्वास भाऊ, मी ६-७ मीटरवरच शिकार करतो, तळाला पडून मासा जवळ यायची वाट बघायची असते, कमी शिसं घेतलं की वर उचललो जातो म्हणून तिथल्या पोरांनी वाढवायला सांगितलं होतं. मित्र असतो बरोबर, एकटा नाही.

फिजिओ_आहे_मी:
मग भुजंगासन आत्ता तरी नको. तू पृष्ठभागावर पालथा तरंगतोस, सूट छाती आणि पाय वर उचलतो, शिसं मधेच पोट खाली ओढतं, म्हणजे झोळी झालेली जुनी बाज असते ना तसा तुझा कणा दोन तास. त्यात मासा दिसावा म्हणून मान वर करून समोर बघत असशील, मान वर केली की कमरेची कमान अजून वाढते. हनुवटी आत घे, सरळ खाली बघ, श्वासाची नळी, स्नॉर्कल, त्यासाठीच आहे. बाकी दिवसभर खुर्चीत बसून मांडीच्या वरचे पुढचे स्नायू आखडलेले असणार, ते कंबर पुढे खेचतात आणि मग लांब फिन (पायातले पंखे) मारताना पाय नितंबातून न हलता कमरेतून हलतो. फिन कडक असतील तर मऊ घे. व्यायाम, ग्लूट ब्रिज (उताणं झोपून गुडघे वाकवून नितंब उचलायचे), बर्ड डॉग (रांगत्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा), डेड बग (तेच उताणं झोपून) आणि एक गुडघा जमिनीवर टेकून मांडीचं स्ट्रेचिंग. रोज दहा मिनिटं, रविवारी एक तास नको.

अजून एक शंका, गन लोड कशी करतोस? बट छातीला लावून दोन्ही हातांनी रबर ओढताना लोक पाठ गोल करून एका बाजूला वळतात. दुसऱ्या दिवशीचं पुढे वाकतानाचं दुखणं तिथलं असू शकतं. आणि ९ किलोचा पट्टा गाडीच्या डिकीतून वळून उचलणं, तो घालून खडकांवरून चालणं, पट्ट्यासकट बोटीवर चढणं, हे सगळं बंद. पाण्यात निदान सूट आणि शरीर तरंगून भार उचलतात, बाहेर तो सगळा तुझ्या कण्यावर. पट्टा आधी काढून बोटीतल्या माणसाकडे दे, मग चढ.

पेनकिलर खाऊन पाण्यात जाऊ नकोस. पायात मुंग्या, पाऊल उचलायला जड, मांड्यांच्या मधे बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नाही असं काही झालं तर धागा काढत बसू नको, त्याच दिवशी थेट हॉस्पिटल.

खोल_श्वास:
६-७ मीटरवर थोडं जास्त लागतं हे मान्य पण २-३ किलो नाही. सगळं कमरेला बांधण्यापेक्षा १-२ किलो पाठीवरच्या हार्नेसमध्ये वर घेता येतं, झोळी कमी होते. अट एकच, हार्नेस चटकन निघत नाही, म्हणून पट्टा एकटा सोडला तरी तरंगायला हवं. घोट्याला बांधायचं शिसं घेऊ नकोस, दर किकला तेच हलवत बसशील.

निवृत्त_काका:
मासे मारायला एवढ्या लांब जायचं आणि वर कंबर मोडून घ्यायची. रविवारी पहाटे मार्केटला जावं, सुरमई घ्यावी, घरी यावं. आमची कंबर एकदम ठणठणीत.

आळशी_मावळा:
काका +१. पण काका मार्केटला गाडी लावायला जागा शोधताना मान धरते त्याचं काय.

कोथरूडचा_बोंबील:
अपडेट देतो. वेट चेक करायला पूलवर गेलो, एका पूलवाल्यांनी शिसं बघूनच बाहेर काढलं, टाइल फुटली तर कोण भरणार म्हणे, त्यांचंही बरोबर आहे. शेवटी एका ओळखीच्यांच्या सोसायटीच्या पूलमध्ये दुपारी गेलो, शिसं जुन्या मोज्यांत घालून, वॉचमन पूर्ण वेळ काठावर उभा, त्याला वाटलं मी जीव द्यायला आलोय. श्वास सोडून पाणी हनुवटीला येईपर्यंत ४ किलो लागले. पूल गोडं पाणी, समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, म्हणजे सूट आणि शिशासकट माझ्या ८६ किलोच्या हिशोबाने अजून सव्वादोनच्या आसपास. म्हणजे साडेसहा किलो खूप झाले, आणि मी ९ लावत होतो!! रबरी पट्टा मागवलाय, साडेसहातलं दीड किलो पाठीवर घेणार. ब्रिज आणि बर्ड डॉग तीन आठवडे चालू आहे, स्पीडब्रेकरवर आता दुखत नाही पण ते थंडीमुळे की व्यायामामुळे माहीत नाही.

फिजिओ_आहे_मी:
थंडीने दुखणं कमी झालेला पेशंट मी अजून पाहिला नाही. चालू ठेव.

तारकर्ली_रिटर्न:
मोज्यात शिसं ही आयडिया ढापली आहे. सूट मोठा असेल तर आत पाणी शिरून हिशोब चुकतो हां, तेवढं बघ.

कोथरूडचा_बोंबील:
सूट घट्टच आहे, अडीच वर्षांत मी वाढलोय, तो नाही.