कुळाच्या घरातले कोठार
निफाडकडच्या गहू पिकवणाऱ्या कुळांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या, धाब्याच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांत धान्याचे कोठार इतके लहान का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचे उत्तर घरात नसून खळ्यात आहे. मेढीभोवती (खळ्याच्या मधल्या खांबाभोवती) बैल फिरवून मळणी व उपणणी झाली की बटाईची (मालक व कुळात वाटून घ्यायच्या पिकाची) रास खळ्यावरच मापली जाई आणि मालकाचा वाटा थेट वाड्याच्या बळदात (धान्य साठवायच्या बंदिस्त जागेत) जात असल्याने, उरलेल्या दाण्यांसाठी कुळाला शेणामातीने लिंपलेली, दाणे काढायच्या तळाच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबलेली एखादी कणगी (धान्य साठवायची विणलेली मोठी टोपली) पुरत असे. (आमच्या आजोळी तो बोळा काढण्याचा मान मुलांचा!) १९४८ च्या कूळकायद्याने खंडाला (जमिनीबद्दल कुळाने मालकाला द्यायच्या मोबदल्याला) मर्यादा घातली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून जमीन कसणारी अनेक कुळे मालक ठरली; म्हणून अशा घरांना मागाहून जोडलेल्या धान्याच्या खोल्या बहुधा त्यानंतरच्या असाव्यात.