मदत हवी आहे : गंगापूर धरणावर दिसलेला हा कुरव (सीगल) कोणता?

ओझरकर
गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पांढरे-राखी पक्षी दिसले. पुस्तकात काळ्या डोक्याचा कुरव आहे, तपकिरी डोक्याचाही आहे. इथे मात्र सगळ्यांची डोकी पांढरी! लवकर सांगा, आज ग्रुपला यादी द्यायची आहे.

कादवाकाठ
कधी दिसले? फोटो? चोच कशी?

पंचवटीकर
नदी सुरय असणार. कुरव समुद्रावरचा पक्षी, नाशकात कुठून येणार?

कादवाकाठ
सुरयाची चोच पिवळी, शेपटी दुभंगलेली. तपकिरी डोक्याचे कुरव लडाखसारख्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी वीण करतात आणि हिवाळ्यात खाली उतरतात. किनाऱ्यावर जातात तसे मोठ्या धरणांवरही थांबतात.

ओझरकर
परवाच दिसले हो, आणखी कधी! पाण्यावर आरामात तरंगत होते. डोळ्यामागे काळा ठिपका. फोटो मोबाइलचा, त्यात काहीच कळत नाही.

रानवाटा
पाण्यावर तरंगत होते, मग कुरवच. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्याचा गडद रंग जातो, तेवढा ठिपका उरतो. डोळा बघा. बुबुळ फिकट तर तपकिरी डोक्याचा, गडद तर काळ्या डोक्याचा. मी कायम असंच ओळखतो.

ओझरकर
डोळा काळाच होता. काळ्या डोक्याचा लिहू?

कादवाकाठ
थांबा! शेपटीच्या टोकाला काळी पट्टी होती का?

ओझरकर
एकाला होती, त्याचाच डोळा नीट दिसला. का?

कादवाकाठ
म्हणजे तो पहिल्याच हिवाळ्यातला. त्या वयात तपकिरी डोक्याच्या कुरवाचंही बुबुळ गडद असतं. रानवाटा, तुमची खूण फक्त प्रौढांना लागू पडते. पंखावर जा. उडताना पंखाच्या पुढच्या कडेला टोकाकडे पांढरा लांबट पट्टा दिसला तर काळ्या डोक्याचा. टोकाचा बराच भाग काळा असेल तर तपकिरी डोक्याचा. प्रौढाच्या त्या काळ्यात पांढरे ठिपकेही असतात.

गेटवे_मांडवा
कुणीही कुरवांना शेव-गाठी घालू नका, ही कळकळीची विनंती. लाँचवर लोक पुडेच्या पुडे रिकामे करतात. त्यांचं खाणं मासे आणि किडे, तळकट नव्हे.

पंचवटीकर
यापेक्षा नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जा. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते. मनोऱ्यावरून सगळं दिसतं.

ओझरकर
मी गंगापूरचं विचारतोय! पंखाची टोकं चांगली काळी होती. तपकिरी डोक्याचा लिहितोय.

रानवाटा
बसलेल्या पक्ष्याची पाहिलीत की उडणाऱ्या? मिटलेल्या पंखाचं टोक दोघांचंही काळंच दिसतं.

ओझरकर
बसलेल्या. उद्या पहाटे पुन्हा जातो.