मदत हवी आहे: ऑटिझम, व्हिडिओ मॉडेलिंग आणि सोसायटीची बाग

मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. वाक्यं बोलतो, पण आपणहून कुणात खेळायला जात नाही. स्पीच थेरपिस्टनी व्हिडिओ मॉडेलिंग सुचवलं: प्रसंगाची छोटी क्लिप दाखवायची आणि लगेच तोच प्रसंग खेळून बघायचा. भाचा-भाचीला घेऊन मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची क्लिप केली. घसरगुंडीपाशी जाऊन "मी पण खेळू?" विचारायचं, समोरची म्हणते, "हो, ये ना!"

घरी छान जमलं. बागेत मात्र घसरगुंडी दिसली की पठ्ठ्या दोन्ही वाक्यं एकटाच म्हणतो, भाच्याच्या हेलासकट. शेवटी नवऱ्याचं "झालं, बंद करतो" रेकॉर्ड झालंय, तेही! मुलं बघत राहतात. कुणी "थांब, माझा नंबर आहे" म्हटलं की हा गोंधळून निघून येतो.

बेलिनी आणि अकुलियन या संशोधकांनी २००७ मध्ये व्हिडिओ मॉडेलिंगचे २३ अभ्यास एकत्र तपासले. असं शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांबरोबरही वापरलं जातं, असा त्यांचा निष्कर्ष. आमचं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

भाच्याऐवजी मुलाच्या उंचीवरून, फक्त समोरची मुलं दिसतील अशी क्लिप कुणी केलीय का? नकाराची क्लिप आत्ताच दाखवू की पहिली पक्की झाल्यावर? शिवाय शाळेत इंग्रजी, बागेत मराठी-हिंदी. कुठली भाषा ठेवू?

"डोळ्यात बघून बोल" हे शिकवायचं नाहीये, त्याचा त्याला त्रास होतो. "मोबाईलच बंद करा" हा सल्ला सासरच्या ग्रुपवर मिळून झालाय.

प्रतिसाद:
आमच्या लेकीचंही असंच होतं. ही इकोलेलिया, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं; अख्खा प्रसंग त्याने एकसंध उचललाय. "मी पण खेळू?" झालं की क्लिप थांबवा आणि उत्तर शेजारी बसलेल्याने द्या. कधी "ये", कधी "थांब जरा", कधी "नको". नकाराची क्लिप आत्ताच करा, नकार तर त्याला आत्ताच मिळतोय ना! मुलाच्या उंचीवरून केलेली क्लिप आम्हाला जास्त उपयोगी पडली, कारण त्यात नक्कल करायला दुसरं पोरच नसतं. घसरगुंडीवरच थांबू नका, झोपाळा, चेंडू, सगळ्याच्या करा. जमलं तर त्याच बागेतल्या मुलांना घ्या, त्यांच्या आईबाबांना विचारून. भाषा ज्या मुलांशी खेळायचंय त्यांची.