घरात मधुमेह असेल तर घरच्यांची साथ कशी मिळाली? अनुभव लिहा

दापोलीकरीण: काल रात्री वारा सुटला, लाइट गेले आणि निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती आणि बाबांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. वहिनीने मडकं ओल्या वाळूत रोवलं, बाटल्या डब्यात घट्ट बंद करून आत ठेवल्या. वाळू सुकू दिली नाही. अंगणात पोफळी आडव्या, छपराचे पत्रे उडालेले, बाबांचं कशातच लक्ष नव्हतं. पण त्यांची सुई तिने चुकू दिली नाही. तुमच्याकडे कोण आहे असं?

देवगड_कलम: आईला आंबा बंद केला नाही. फोड खायची तर त्या जेवणात भात कमी, असं डॉक्टरांनीच सांगितलं. मग सगळ्यांनाच फोडी, वाटीभर रस कोणालाच नाही. तिचं ताट वेगळं असायचं तेव्हा चोरून खायची बिचारी.

रेवंडी: इन्सुलिनची उघडलेली बाटली उन्हापासून लांब, घरात गार जागी साधारण ४ आठवडे चालते. न उघडलेली मात्र फ्रीजमध्येच, फ्रीझरमध्ये नको.

मालवणची सून: नवरा बोटीवर, घरी सासूबाई, मी आणि मुलगा. मी बाजारात गेले असताना सासूबाईंना दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मुलाने रक्तातली साखर मोजली तर ५८. ३ चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत मोजली. आजीनेच शिकवून ठेवलं होतं त्याला! शुद्धीत होत्या म्हणून पाजता आलं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

रेवंडी: शाब्बास पोरा!!

गुहागर७: मला स्वतःला आहे. मुंबईहून बहिणींचे रोज फोन, काय खाल्लंस, किती आली. माया कळते, पण जीव दडपतो. बायको संध्याकाळी नुसत्या चपला घालून ओट्यावर उभी राहते, की निघालो दोघं समुद्रावर. मला ती साथ वाटते.

चिपळूणची लेक: लावणीच्या दिवसांत आबांच्या तळपायाला जखम झाली, मधुमेहाने पाय बधिर, त्यांना कळलीच नाही. आता भाची रोज रात्री बॅटरी घेऊन बोटांच्या बेचक्या बघते.

हर्णैकर: दापोलीकरीण, वहिनी कुठल्या? पोफळी परत लावल्यात का?

दापोलीकरीण: आंजर्ल्याच्या. लावल्यात, धरायला वेळ आहे अजून.

मालवणची सून: उकड्या तांदळाची पेज सोडायला सासूबाई तयार नाहीत. काय करता तुम्ही?

देवगड_कलम: सोडायला नका लावू. पेज वायच कमी आणि सोबत कुळथाची उसळ. आईला तसंच देतो.