डी अँड डी कुठून सुरू करावं? (पाचजण, सगळे नवखे)

कोरीपाटी:
वय २३, नोकरीसाठी पुण्यात, फ्लॅटवर आम्ही पाचजण. यूट्यूबवर लोकांना डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळताना बघून चटक लागली आणि सात फाशांचा सेट मागवला. तो महिनाभर टीव्हीशेजारच्या वाटीत पडून आहे. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा, कोण होणार यावर गाडी अडलीय. ती जाडजूड पुस्तकं घ्यावीच लागतात का? बजेट बेताचं आहे.

वीसाचा_फासा:
मुळीच घेऊ नकोस. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी, म्हणजे नियमांचा गाभा, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहे. पात्रं पहिल्यांदा तयारच घे, नाहीतर अख्खी संध्याकाळ फॉर्म भरण्यात जाते.

नियमांचा बाऊ नको. खेळाडू म्हणतो, "गॉब्लिनवर तलवार चालवतो." गॉब्लिन म्हणजे बुटका राक्षस, त्याचा एसी (घाव लागायला निदान एवढे हवेत) १५. वीस बाजूंचा फासा टाकला, ११ पडले, पात्राच्या कौशल्याचे ५ मिळवले, झाले १६. लागली! मग आठ बाजूंचा फासा टाकून घाव किती ते बघायचं. निम्मा खेळ एवढाच, उरलेल्या निम्म्या गप्पा.

धागा तू काढलास, म्हणजे डीएम तूच. फक्त जग रचत बसू नकोस. मी पहिल्या खेपेला दोन महिने खपून नकाशा, सणवार, राजघराण्याची वंशावळ, सगळं लिहिलं होतं. आमच्या मंडळींनी राजधानीकडे पाठ फिरवली, जंगलात एक गॉब्लिन पकडला, त्याचं नाव बंड्या ठेवलं आणि तीन तास त्याचे लाड केले. वंशावळ कपाटात आहे अजून. एक गाव, एक भानगड, तीन माणसं. बास.

एकपानी:
डी अँड डीच कशाला पण? 'लेझर्स अँड फीलिंग्ज' बघ. सगळे नियम एका पानावर, फुकट, लुडोचे फासे चालतात. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. डोक्याचं काम असेल तर फासा त्याच्या खाली पडायला हवा, मनाचं असेल तर वर. नेमका तोच पडला तर डीएमला एक प्रश्न विचारायचा, त्याने खरं उत्तर द्यायचं. एका बैठकीत अंतराळयानाची गोष्ट संपते.

वीसाचा_फासा:
हे पटलं. पण पात्र हळूहळू तगडं होत जाण्याची मजा त्यात नाही.

झोपाळू_चेटकीण:
खरा राक्षस म्हणजे सगळ्यांची सुट्टी जुळणं. वार ठरवा, एखादा नाही आला तरी खेळा. आधी अर्धा तास कोणाला काय नको तेही बोलून घ्या. आमच्यात एकीला कोळ्यांची भीती, ते कळलं गुहेत शिरल्यावर. खेळ तिथेच थांबला.

आणि मराठीत खेळा हो! इंग्रजीत आम्ही सगळे नुसतं "आय अटॅक" म्हणत होतो. आता खानावळवाला मालवणीत उधारी मागतो आणि लढाईपेक्षा तिथेच जास्त वेळ जातो.

कोरीपाटी:
ठरलं. या शनिवारी एका पानाचा खेळ, मग डी अँड डी. डीएम मीच. रूममेटला धागा वाचायला दिला, तर त्याचा पहिला प्रश्न: "बंड्या आपल्याकडे पण असणार ना?"